मतदार चालतो, आमदार चालत नाही!

३ सप्टेंबर १८६८ चा दिवस. अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा. राज्याच्या विधानसभेत चर्चा सुरू आहे. विषय दुष्काळाचा नाही, शेतसाऱ्याचा नाही, शाळांचाही नाही. लोकांनी मते देऊन निवडून पाठविलेल्या काही आमदारांना सभागृहात बसू द्यायचे की बाहेर काढायचे, एवढाच विषय आहे. त्यांनी लाच खाल्लेली नाही, मतपेट्या पळविलेल्या नाहीत. मग त्यांचा गुन्हा कोणता? त्यांची कातडी काळी आहे, एवढाच!

त्या दिवशी बोलायला उभे राहिले ते हेन्री मॅक्नील टर्नर. वय अवघे ३४ वर्षे. मेकन शहर ज्यात येते त्या बिब परगण्याचे ते निवडून आलेले प्रतिनिधी. समोर बसलेल्या बहुसंख्य सभासदांनी आपला निर्णय आधीच करून टाकला होता. टर्नर यांनाही ते ठाऊक होते. तरीही ते बोलले, आणि असे बोलले की त्या सभागृहातून हाकलणाऱ्यांची नावे आज कुणाला आठवत नाहीत, पण हाकलल्या गेलेल्याचे भाषण अमेरिकेच्या इतिहासात कायमचे कोरले गेले.

चळवळीच्या वाचकांना मार्टिन ल्युथर किंग माहीत आहेत, माल्कम एक्स माहीत आहेत, ब्लॅक पँथरही माहीत आहेत. टर्नर मात्र आपल्याकडे फारसे माहीत नाहीत. म्हणून आज आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत. त्यांच्या आयुष्याने विचारलेला प्रश्न केवळ जॉर्जियाचा नाही. मताचा हक्क मिळाला म्हणजे सत्तेत बसण्याचा हक्क मिळाला काय, हा तो प्रश्न आहे.

अक्षरबंदीच्या राज्यात

टर्नर यांचा जन्म १ फेब्रुवारी १८३४ रोजी दक्षिण कॅरोलिना राज्यात झाला. ते गुलाम म्हणून जन्मले नाहीत. त्यांचे कुटुंब कायद्याने ‘मुक्त’ होते. पण ही मुक्तता नावापुरती. वडील लवकर वारले. पोर कापसाच्या शेतात गुलामांच्या बरोबरीने राबला, लोहाराच्या भात्यापाशी उमेदवारी केली. ज्या वर्षी टर्नर जन्मले त्याच वर्षी त्या राज्याने काळ्या माणसांना लिहायला वाचायला शिकविण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. शूद्रातिशूद्रांच्या विद्येवर पहारा बसविणारे केवळ आपल्याच देशात होते असे नव्हे. इकडे धर्मशास्त्राने जे केले तेच तिकडे विधिमंडळाने केले.

आईने एका गोऱ्या बाईकडून पोराला अक्षरे शिकविण्याची खटपट केली. शेजाऱ्यांनी ओरड करून ती बंद पाडली. पुढे पंधराव्या वर्षाच्या सुमारास अ‍ॅबेव्हिल गावात वकिलांच्या कचेरीत झाडलोट आणि निरोप पोहोचविण्याचे काम मिळाले. तेथल्या काही तरुण वकिलांनी या हुशार पोराला कायदा मोडून वाचन, गणित, इतिहास शिकविला. ज्या कायद्याने त्याला अक्षरबंदी केली होती, त्याच कायद्याची पुस्तके त्याने वकिलांच्या कचेरीत उघडून पाहिली.

१८५३ साली त्यांना गोऱ्यांच्या ताब्यातील मेथडिस्ट चर्चकडून प्रवचने करण्याचा परवाना मिळाला. गावोगावी लोक ऐकायला जमत. पण त्या चर्चमध्ये काळ्या माणसाला प्रवचनकाराच्या वरची पायरी बंद होती. मग त्यांना आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची माहिती मिळाली. या चर्चचा इतिहास आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातील एका चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या काळ्या भाविकांना भर प्रार्थनेतून ओढून उठविण्यात आले. तेव्हा रिचर्ड अ‍ॅलन आणि त्यांचे सहकारी त्या देवळातून बाहेर पडले ते कायमचेच. पुढे १८१६ साली त्यांनी आपला स्वतंत्र पंथ उभा केला. टर्नर १८५८ मध्ये त्यात गेले. ज्या देवाच्या दारात आपला अपमान होतो, ते दार आपले नव्हे, हा धडा त्यांनी तेथेच घेतला.

यादवी युद्ध पेटले तेव्हा टर्नर वॉशिंग्टनमध्ये चर्च चालवीत होते. तेथे त्यांनी काळ्या तरुणांना लष्करात भरती केले आणि १८६३ मध्ये त्यांच्याच पलटणीचे धर्मोपदेशक म्हणून नेमणूक स्वीकारली. अमेरिकन सैन्यातील पहिल्या काळ्या धर्मोपदेशकांत त्यांची गणना होते. रणांगण त्यांनी पाहिले, प्रेते पुरली, जखमींना धीर दिला. ज्या देशासाठी रक्त सांडले तो देश आता आपल्याला माणूस मानील, अशी त्यांची त्या वेळी खात्री होती.

विश्वासाने केलेली चूक

युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली. टर्नर जॉर्जियात आले. गावोगावी चर्च उभी केली आणि त्याच चर्चच्या ओट्यावर रिपब्लिकन पक्षाची बांधणी केली. गुलामी मोडणारा लिंकनचा पक्ष म्हणून तो तेव्हा काळ्यांचा पक्ष होता. १८६७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने दक्षिणेत लष्करी देखरेखीखाली नवी मतदार नोंदणी केली. जॉर्जियात काळ्या मतदारांची संख्या गोऱ्यांच्या जवळपास बरोबरीची झाली. राज्याची नवी घटना लिहिण्यासाठी परिषद भरली. १६९ प्रतिनिधींपैकी ३७ काळे होते आणि त्यांत टर्नर होते.

या परिषदेत टर्नर यांनी जे केले ते आम्ही झाकून ठेवणार नाही. ते अत्यंत मवाळपणे वागले. कालपर्यंत चाबूक मारणाऱ्या गोऱ्यांशी सलोखा व्हावा म्हणून त्यांनी हात पुढे केला. गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या बंडखोरांचा नेता जेफरसन डेव्हिस याला माफी मिळावी म्हणूनही ते बोलले. बंडखोरांचा मताधिकार काढून घेण्यासही त्यांचा विरोध होता. काळ्या नागरिकाला सरकारी पद धारण करण्याचा हक्क आहे, असे स्पष्ट शब्दांत सांगणारे कलम घटनेतून गळले. मताचा हक्क आहे म्हणजे पदाचा हक्क त्यात आलाच, वेगळे लिहायची गरज काय, असा काळ्या प्रतिनिधींचा भाबडा विश्वास होता.

हा विश्वास किती महागात पडला ते पाहा. एप्रिल १८६८ मध्ये निवडणुका झाल्या. दोन्ही सभागृहे मिळून ३३ काळे प्रतिनिधी निवडून आले. त्यांतील कित्येक जण कालपर्यंत गुलाम होते आणि बरेचसे धर्मोपदेशक होते. जुलैमध्ये याच विधिमंडळाने घटनेची चौदावी दुरुस्ती मंजूर केली. काळा माणूस या देशाचा नागरिक आहे, असे सांगणारी ती दुरुस्ती. ती मंजूर होताच जॉर्जियावरील लष्करी अंमल उठला. काम झाले होते, लष्कर गेले होते. मग सप्टेंबरात गोऱ्या आमदारांनी खरे रूप दाखविले. घटनेने काळ्यांना मत दिले आहे, पद दिलेले नाही, असा युक्तिवाद त्यांनी पुढे केला. न लिहिलेल्या कलमाचा काटा असा मोडला.

मतदार म्हणून चालतो, रांगेत उभा राहिलेला चालतो, आपल्या पक्षाला मत टाकलेला चालतो. शेजारच्या बाकावर बसलेला मात्र चालत नाही!

कर्ण्यातून बोलणार नाही

त्या दिवशीचे टर्नर यांचे भाषण दीर्घ होते. त्याचा सारांश आम्ही आमच्या शब्दांत देत आहोत. ते म्हणाले, मी येथे कोणापुढे लाचारी करायला आलेलो नाही, हक्काची भीक मागायला तर मुळीच नाही. माझा हक्क मागायला आलो आहे. तुम्ही ज्या अपराधाबद्दल माझ्यावर खटला भरला आहे, तो अपराध मी केलेला नाही. मला काळे घडविले ते ईश्वराने, तेव्हा आरोपी करायचे तर त्याला करा. मी माणूस आहे की नाही, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर द्या. माणूस असेन तर माणसाचे सगळे हक्क माझे आहेत.

मग त्यांनी हिशेब मांडला. अडीचशे वर्षे आम्ही तुमची शेते पिकविली, तुमची पिके काढली, तुमचा देश उभा केला. त्याचा मोबदला आम्ही मागत नाही, झाले गेले विसरायलाही तयार आहोत. आता फक्त हक्क मागतो आहोत. आणि हे विधिमंडळ कोणामुळे अस्तित्वात आले? काळ्या माणसाने मत दिले म्हणूनच ना? त्याच्याच मताने उभ्या राहिलेल्या घरातून त्याला बाहेर काढता?

भाषणातील एका मुद्द्यावर आम्ही थोडे थांबतो. काळ्यांना काही सांगायचे असेल तर गोऱ्या प्रतिनिधींमार्फत सांगावे, त्यांचे भले गोरेच करतील, असे त्या काळी सांगितले जात होते. त्यावर टर्नर यांनी विचारले, म्हणजे काळ्याने बोलायचे ते गोऱ्याच्या कर्ण्यातून? आमच्या भावना भेसळ करून, गोऱ्या निरोप्याच्या हाती द्यायच्या, जो ऐन वेळी शब्द फिरवील, टाळाटाळ करील? ही गोष्ट त्यांना मान्य नव्हती. शेवटी त्यांनी बजावले, जो देश माझे माणूसपण नाकारतो, त्या देशाच्या रक्षणासाठी उद्या युद्ध झाले तर मी बंदूक उचलणार नाही. पाच वर्षांपूर्वी याच माणसाने त्या देशासाठी तरुणांना सैन्यात भरती केले होते, हे ध्यानात घ्या.

सभागृहाने त्यांना हाकलले. काही दिवसांनी वरिष्ठ सभागृहानेही तेच केले. चौघांना मात्र कनिष्ठ सभागृहातून काढले नाही. का? तर त्यांची कातडी इतकी उजळ होती की ते काळे आहेत हे सिद्ध करता येईना! माणसाची योग्यता मोजायला रंगाची पट्टी घेऊन बसलेले ते सभागृह स्वतःच किती हास्यास्पद झाले, हे त्याच्या लक्षातही आले नाही. रिकाम्या झालेल्या जागांवर निवडणुकीत पडलेले गोरे उमेदवार बसविण्यात आले. जनतेने नाकारलेला गोरा आमदार झाला आणि जनतेने निवडलेला काळा घरी गेला.

यानंतर पंधरा-सोळा दिवसांतच, १९ सप्टेंबरला, कॅमिला गावी रक्त सांडले. फिलिप जॉइनर या हाकललेल्या आमदाराच्या साथीने शेकडो काळे स्त्री-पुरुष ऑल्बनीहून पायी प्रचारसभेला निघाले होते. गोऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सुमारे डझनभर माणसे मारली गेली, अनेक जखमी झाली. पुढच्या वर्षी अ‍ॅब्राम कोल्बी या आमदाराला कू क्लक्स क्लानच्या गुंडांनी रात्री घरातून ओढून नेऊन तासन्‌तास फटके मारले. आधी पैशाचे आमिष दाखवून पाहिले होते. हा गृहस्थ विकला गेला नाही, म्हणून फटके!

परतणे आणि पुन्हा बाहेर

टर्नर गप्प बसले नाहीत. त्यांनी काळ्या नेत्यांची परिषद भरविली, वॉशिंग्टनला गाऱ्हाणे नेले. १८६९ च्या जूनमध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका काळ्या न्यायालयीन कारकुनाच्या खटल्यात निकाल दिला की, काळ्या नागरिकाला पद धारण करण्याचा हक्क आहे. डिसेंबर १८६९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने जॉर्जियाला पुन्हा लष्करी देखरेखीखाली आणले आणि हाकललेल्यांना परत घेण्याची अट घातली. जानेवारी १८७० मध्ये टर्नर आणि त्यांचे सहकारी आपल्या बाकांवर परत बसले.

पण हा विजय अल्पकाळाचा ठरला. त्याच वर्षअखेरच्या निवडणुकीत दहशत आणि लबाडीच्या बळावर गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने विधिमंडळ काबीज केले. टर्नर यांचीही जागा गेली. आणखी एक गोष्ट वाचकांनी नोंदवून ठेवावी. याच सुमारास घटनेची पंधरावी दुरुस्ती झाली. तिच्या एका मसुद्यात मताबरोबर पद धारण करण्याच्या हक्काचेही शब्द होते. अंतिम मसुद्यात ते वगळले गेले, फक्त मत उरले. जॉर्जियात नुकतीच काय वाताहत झाली होती ते सर्वांनी पाहिले होते, तरीही!

१८८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा नागरी हक्क कायदा रद्द ठरविला. आगगाडीत, खाणावळीत, नाटकगृहात काळ्याला मज्जाव करणाऱ्या मालकाला आता कुणी विचारणार नव्हते. त्या दिवसापासून टर्नर यांचा अमेरिकेवरचा विश्वास उडाला. काळ्या माणसाला संरक्षण न देणारी घटना म्हणजे निव्वळ फसवणूक आहे, अशा जळजळीत शब्दांत त्यांनी तिचा धिक्कार केला.

१८८० मध्ये ते आपल्या चर्चचे बिशप झाले होते. अटलांटातील मॉरिस ब्राऊन महाविद्यालयाची धुरा त्यांनी बारा वर्षे वाहिली. १८८५ मध्ये त्यांनी सारा अ‍ॅन ह्यूज या स्त्रीला धर्मसेवेची दीक्षा दिली. चर्चमधल्या पुरुषांनी दोनच वर्षांत ती रद्द केली. म्हणजे हाकलणारे फक्त गोरेच नसतात, हेही टर्नर यांनी अनुभवले. आपल्या वृत्तपत्रातून त्यांनी जाहीर केले की, ईश्वर निग्रो आहे. गोरे हसले, काही काळेही शरमले. टर्नर यांचे म्हणणे साधे होते. प्रत्येक जात-जमात आपल्या रूपात देव पाहते, मग आम्ही आमच्या छळकर्त्याच्या रूपात देव का पाहायचा? गुलामाच्या मनातली बेडी कोठे असते, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

त्यांनी गुलामीच्या मजुरीचा हिशेबही केला. दोनशे वर्षे, सरासरी वीस लाख माणसे, प्रत्येकी वर्षाला शंभर डॉलर, म्हणजे चाळीस अब्ज डॉलर अमेरिकेने आमचे देणे आहे, असे ते म्हणत.

मात्र यातून त्यांनी जो मार्ग काढला तो समाजाला पटला नाही. काळ्यांनी आफ्रिकेत परत जावे, तेथे स्वतःचे राज्य उभारावे, असे ते सांगू लागले. स्वतः चार वेळा आफ्रिकेत जाऊन आले. १८९५ आणि १८९६ मध्ये सव्हॅना बंदरातून दोन जहाजे लायबेरियाला निघाली. पाचशेच्या आसपास माणसे गेली. कित्येकांना तापाने गाठले, कित्येक निराश होऊन परतले. फ्रेडरिक डग्लस यांच्यासारख्या नेत्यांचा या विचाराला ठाम विरोध होता. आम्ही ज्या मातीत घाम गाळला ती सोडून का जायचे, असा त्यांचा सवाल होता. आम्हालाही तो सवालच योग्य वाटतो. पण ज्याला निवडून आल्यावर हाकलले, त्याच्या संतापाला नावे ठेवण्याआधी त्याच्या जागी उभे राहून पाहावे.

८ मे १९१५ रोजी कॅनडातील विंडसर येथे टर्नर यांचे निधन झाले. अमेरिकेच्या भूमीवर मरणार नाही असे ते म्हणत असत, आणि तसेच घडले.

आपल्याशी नाते

जॉर्जियाच्या त्या घटनेनंतर पाच वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून साता समुद्रापलीकडच्या दास्यमुक्तीशी आपले नाते सांगणारा हा महापुरुष.

टर्नर वारले तेव्हा बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एम.ए.चा अभ्यास करीत होते. त्याच न्यूयॉर्कमधून डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांचे ‘क्रायसिस’ मासिक निघत असे. त्यात त्यांनी टर्नर यांना श्रद्धांजली वाहिली. याच ड्युबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र पाठवून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रसंघातील गाऱ्हाण्याची माहिती मागविली होती.

आणि १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी काय सांगितले? प्रतिनिधित्वाचा हक्क आणि राज्यातील पद धारण करण्याचा हक्क हे नागरिकत्वाचे दोन सर्वांत महत्त्वाचे हक्क आहेत, आणि अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे. टर्नर यांना ज्या दोन हक्कांसाठी झगडावे लागले, नेमके तेच दोन हक्क! जॉर्जियाच्या घटनेत जे गृहीत धरून सोडून दिले गेले, ते भारताच्या संविधानात कोणाच्या भलेपणावर सोडलेले नाही. विधानसभेतील राखीव जागा कलम ३३२ मध्ये लिहिलेल्या आहेत. आज कोणी आपल्या आमदाराला जातीवरून सभागृहाबाहेर काढू शकत नाही, ही त्या लिहिण्याची ताकद आहे.

मग प्रश्न उरतो तो कर्ण्याचा. जॉर्जियाने आमदाराला बाहेर काढून त्याचा आवाज बंद केला. आमदाराला आत बसवूनही आवाज बंद करता येतो. १९८२ मध्ये कांशीरामजींनी ‘चमचा युग’ लिहून हेच दाखविले. राखीव जागेवर बसलेला प्रतिनिधी बोलतो तेव्हा आवाज त्याचा असतो की त्याला तिकीट देणाऱ्याचा? हा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या मतदारसंघात विचारावा.

जॉर्जियाच्या विधिमंडळातील शेवटचा काळा सभासद १९०७ मध्ये गेला, आणि पुढचा निवडून आला तो थेट १९६२ मध्ये. पंचावन्न वर्षे! त्यानंतरही १९६६ च्या जानेवारीत ज्युलियन बाँड या निवडून आलेल्या तरुण काळ्या आमदाराला त्याच विधानसभेने आत घेण्यास नकार दिला. कारण व्हिएतनाम युद्धाला आणि त्यासाठीच्या सक्तीच्या भरतीला विरोध करणाऱ्या निवेदनाला त्याने पाठिंबा दिला होता. हक्क न देणाऱ्या देशासाठी बंदूक उचलणार नाही, हे टर्नर यांचे बोल अठ्ठ्याण्णव वर्षांनी त्याच सभागृहाच्या दाराशी पुन्हा येऊन उभे राहिले. या वेळी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बाँड यांच्या बाजूने निकाल दिला आणि ते आत गेले.

१९७८ मध्ये अटलांटाच्या विधिमंडळ आवारात त्या ३३ जणांचे शिल्प उभारण्यात आले. रंगामुळे हाकललेले, असेच त्याचे नाव आहे. ते उभारण्यासाठी पुढाकार घेतला तो त्याच विधिमंडळात निवडून आलेल्या काळ्या आमदारांनी. आपल्या पूर्वजांची बाके त्यांनी आधी परत मिळविली आणि मग त्यांचे स्मारक केले. क्रम असाच असला पाहिजे.